फाल्गुनातील परसबाग

फाल्गुन लागला की बडोद्याच्या पश्चिमेकडील वासणा भागात घरोघरी एक गंमत पाहावयास मिळते. पहाटे ज्याला गोधडी सोडवत नाही, तोच दुपारी पंख्याखाली बसून माठातले पाणी मागतो. या दिवसांत दुपार आणि पहाट यांच्या तापमानांत पंधरा-पंधरा अंशांचे अंतर पडते. माणूस गोधडी पांघरतो, काढतो. अंगणातल्या रोपाला मात्र ती सोय नाही.

अशा वेळी पुष्कळशी रोपे दगावतात ती अतिरिक्त पाण्याने. दुपारी वांग्याची पाने मान टाकतात. ते पाहून घरची मंडळी सायंकाळी तांब्यांवर तांबे ओततात. वस्तुतः भर उन्हात पानांतून जितके पाणी उडून जाते तितके मुळांना त्या घटकेस पुरवता येत नाही, इतकाच त्या कोमेजण्याचा अर्थ असतो. ऊन उतरले की पाने आपोआप सावरतात. वरून ओतलेले पाणी रात्रीच्या गारव्यात लवकर सुकत नाही. मातीतील हवा कोंडते, मुळे कुजू लागतात. कुजलेल्या मुळांना पाणी शोषता येत नाही, म्हणून रोप पुन्हा कोमेजते आणि त्याला पुन्हा पाणी मिळते! काळी माती पाणी फार वेळ धरून ठेवते. तेथे हा धोका अधिक.

यावर उपाय सोपा आहे. रोपाची परीक्षा पहाटे करावी. मातीत बोट दोन पेरे खुपसून पाहावे. कोरडे लागल्यास सकाळीच पाणी द्यावे, ओल लागल्यास थांबावे. याच सुमारास कडुनिंब पाने गाळतो. ती वाळलेली पाने आळ्यात पसरली असता मातीची ओल टिकते आणि दुपारची झळ मुळांपर्यंत पोहोचत नाही.

पेरणीलाही हाच न्याय लागू पडतो. दुधी, दोडका, काकडी यांच्या बियांना उबदार माती लागते. गार, ओल्या मातीत त्या कुजतात. म्हणून पहाटेचा गारवा ओसरू द्यावा. टोमॅटोचे याच्या उलट आहे. रात्री उष्ण होऊ लागल्या की त्याची फुले गळतात. तेव्हा उशिरा लावलेल्या रोपांकडून फारशी आशा धरू नये. थंडीच्या अखेरीस छाटलेला मोगरा मात्र आता नव्या फुटीवर कळ्या धरू लागतो.

मध्येच एखाद्या दिवशी आभाळ येते. गृहिणी गच्चीवरचे पापड लगबगीने आत आणतात. त्या दिवशी झाडांचे पाणीही माती पाहूनच द्यावे, कारण ढगाळ हवेत पानांतून पाणी कमी उडते आणि दमट हवेत आंब्याच्या मोहोरावर भुरीही पडू शकते.

गायकवाडांच्या राजवटीपासून बडोद्यात स्थिरावलेल्या मराठी घरांतून पाडव्याला गुढी उभी राहते. तोपर्यंत कडुनिंबाला कोवळी पालवी आलेली असते. फाल्गुनात हात आवरून पाणी घातलेल्या घरी त्या पालवीबरोबर अंगणातली मोगऱ्याची ओंजळभर फुलेही गुढीला मिळतात.