डायलिसिस, अफूजन्य वेदनाशामके आणि हृदयाची लय : शिरोळ तालुक्याच्या संदर्भात

कृष्णा व पंचगंगा यांचा संगम शिरोळ तालुक्यात नृसिंहवाडी येथे होतो. २०१९ व २०२१ च्या महापुरांत तालुक्यातील अनेक रस्ते पाण्याखाली गेले. आठवड्यातून दोन-तीन वेळा डायलिसिस घेणाऱ्या रुग्णाच्या दृष्टीने रस्ता बंद होणे म्हणजे औषधे व क्षार शरीरातच अडकून राहणे होय. ही बाब वेदनाशामकांच्या संदर्भात क्वचितच विचारात घेतली जाते.

मॉर्फिनचे रूपांतर यकृतात होते; मात्र त्यातून निर्माण होणारी ग्लुकुरोनाइड संयुगे मूत्रपिंडावाटे बाहेर पडतात. मूत्रपिंड निकामी असल्यास ती साचतात आणि गुंगी, स्नायूंचे झटके व श्वसनाचा मंदावलेला वेग अशी लक्षणे दिसतात. डायलिसिसमुळे त्यांपैकी काही भाग निघून जातो. त्यामुळे एखाद्या रुग्णाला उपचार चालू असतानाच वेदना पुन्हा जाणवू लागतात, तर मेंदूतील अंश सावकाश रक्तात परतत असल्याने गुंगी लगेच ओसरतेच असे नाही. सर्रास दिल्या जाणाऱ्या ट्रामाडोलची मात्राही अशा रुग्णांत कमी करावी लागते व दोन मात्रांतील अंतर वाढवावे लागते.

फेंटानिल, ब्युप्रेनॉर्फिन व मेथाडोन ही औषधे डायलिसिसने फारशी निघत नाहीत. म्हणूनच ती अशा रुग्णांत तुलनेने सोयीची मानली जातात. परंतु येथेच खरी अडचण उद्भवते. मेथाडोन हृदयपेशींतील पोटॅशियमचा मार्ग अडविते. परिणामी हृदयालेखातील क्यूटी अंतर लांबते व घातक अनियमित स्पंदने संभवतात. मूत्रपिंडास सोसणारे औषध हृदयास सोसेलच असे नव्हे.

त्यात डायलिसिसच्या सुमारे चार तासांत रक्तातील पोटॅशियम झपाट्याने उतरते, कॅल्शियमही बदलते. पोटॅशियम फार उतरल्यास क्यूटी अंतर आणखी वाढते. मळमळीसाठी दिलेले ऑन्डानसेट्रॉनही त्याच दिशेने कार्य करते. साध्या वाटणाऱ्या या गोळीची नोंद बहुधा कोणी ठेवत नाही.

याउलट, डायलिसिस चुकल्यास पोटॅशियम वाढून हृदयाची गती मंदावते किंवा ते थांबूही शकते. अमेरिकेतील रुग्णांवरील २०११ च्या अभ्यासात आठवड्यातील दोन दिवसांच्या खंडानंतर मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले होते. पुराच्या काळात हा खंड सहज त्याहून लांबू शकतो. अशा वेळी मॉर्फिनची नेहमीची मात्रा घरी चालू ठेवणे धोक्याचे ठरते, आणि ती अचानक बंद केल्यास वेदनेबरोबर औषध तुटल्याची लक्षणेही उद्भवतात. म्हणून पावसाळ्यापूर्वीच संबंधित डॉक्टरांकडून पर्यायी मात्रा लिहून घेणे व मेथाडोन घेणाऱ्यांचा हृदयालेख डायलिसिसच्या आधी व नंतर काढणे आवश्यक ठरते.