छोट्या गावातलं कॉलेज एलजीबीटी विद्यार्थ्यांना किती सामावून घेतं, हे कसं ओळखायचं?

बारावीचा निकाल लागला की अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनकडची मुलं आधी दोन गोष्टी बघतात. हवी ती शाखा आहे का आणि घरून वेळेवर एसटी आहे का. समलिंगी किंवा ट्रान्सजेंडर विद्यार्थ्याच्या मनात तिसराही प्रश्न असतो: इथे आपल्याला त्रास होईल का? तो प्रवेशाच्या खिडकीवर विचारता येत नाही. पलीकडे बसलेले काका वडिलांच्या ओळखीचे निघू शकतात.

मोठ्या शहरात उत्तर शोधणं त्यामानाने सोपं आहे. आयआयटी मुंबईत 'साथी' हा विद्यार्थी गट 2011 पासून आहे. अमेरिकेत 'कॅम्पस प्राइड इंडेक्स' 2007 पासून कॉलेजांना पाचपैकी तारे देतो, अर्थात माहिती कॉलेजंच भरतात. पण ही फूटपट्टी छोट्या कॉलेजला लावून फारसं काही कळत नाही. काहीशे मुलांच्या कॉलेजात असा गट काढला, तर त्याच्या बैठकीला कोण गेलं हे संध्याकाळपर्यंत गावभर होईल. त्यामुळे गट नाही म्हणजे कॉलेज वाईट, असं नाही.

मग बघायचं काय?

स्वतःबद्दल न सांगता विचारता येणारे प्रश्न

यूजीसीने 2016 मध्ये रॅगिंगची व्याख्या वाढवली. लैंगिक कल किंवा ट्रान्सजेंडर असण्यावरून एखाद्याला छळणं, वाळीत टाकणं हेही आता रॅगिंगच आहे. मुंबई विद्यापीठाशी संलग्न असलेल्या रायगडच्या कॉलेजांनाही हे लागू आहे. प्रवेशावेळी रॅगिंगविरोधी हमीपत्र विद्यार्थी आणि पालक दोघांनाही द्यावं लागतं. म्हणजे "समितीत कोण आहे, तक्रार कुणाकडे करायची?" हे आई शेजारी उभी असतानाही विचारता येतं. कुणाला शंका येत नाही.

उत्तर कसं मिळतं ते महत्त्वाचं. नाव आणि नंबर लगेच मिळाला तर समिती कागदाबाहेरही आहे. "आपल्याकडे असलं काही होत नाही" हे उत्तर मिळालं, तर सावध व्हावं.

घरी फोन जातो का?

गावात सगळ्यात मोठी भीती बहुधा हीच असते. 6 सप्टेंबर 2018 ला सुप्रीम कोर्टाने कलम 377 मधून प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना वगळलं, पण घरी कळण्यापासून निकाल वाचवत नाही. इथे सीनियर मुलं उपयोगी पडतात. एखादा मुलगा आणि मुलगी किनाऱ्यावर एकत्र दिसले, तर कॉलेज काय करतं हे त्यांना विचारावं. त्यासाठीही पालकांना बोलावणारं कॉलेज दोन मुलींबद्दल गुप्तता पाळेल, ही आशा फार भाबडी आहे. रॅगिंगची माहिती देणाऱ्याची ओळख जपायची, हे मात्र यूजीसीच्या 2009 च्या नियमांतच आहे.

समुपदेशक असेल तर तो "बदलता येईल" म्हणतो का, हेही बघावं. समलिंगी व्यक्तीला 'बरं' करण्याचे उपचार हे डॉक्टरांसाठी गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये स्पष्ट केलं आहे.

ट्रान्सजेंडर विद्यार्थ्यांसाठी

इथे कायदा जास्त ठोस आहे. 2019 च्या कायद्यानुसार सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने भेदभाव न करता शिक्षण, खेळ आणि करमणुकीची संधी द्यायची आहे. तक्रार अधिकारीही नेमायचा आहे. ओळखपत्र जिल्हाधिकारी देतात, म्हणजे रायगडसाठी अलिबागचं कार्यालय.

पण रोजचा त्रास कायद्यापेक्षा बारीक असतो. हजेरीला कोणतं नाव पुकारतात? स्वच्छतागृह कुठलं वापरायचं? एनएसएसच्या सात दिवसांच्या शिबिरात शाळेच्या दोन वर्गांत मुलं आणि मुली वेगळी झोपतात, तेव्हा या विद्यार्थ्याने अंथरूण कुठे घालायचं? कार्यक्रम अधिकारी असलेल्या प्राध्यापकांनी याचा आधी विचार केला असेल, तर ते कॉलेज बऱ्यापैकी पुढे आहे. त्यासाठी पैसे लागत नाहीत.

बऱ्याचदा सगळं अशा एका शिक्षकावर अवलंबून असतं. त्यांची बदली झाली किंवा ते निवृत्त झाले की पुढे काय, म्हणून समितीची नावं तपासणं टाळू नये. कॉलेजात दाद मिळाली नाही, तर यूजीसीची रॅगिंगविरोधी हेल्पलाइन 1800-180-5522 चोवीस तास सुरू असते.