ब्रायडल फोटोशूटच्या आधी चेहऱ्यावर काय लावताय, ते एकदा वाचा

लग्न ठरलं की हल्ली हॉलच्या पाठोपाठ फोटोग्राफर ठरतो. नऊवारी, नथ, मुंडावळ्या असा पूर्ण साज करून वधूचे एकटीचे फोटो काढायचा एक दिवस वेगळा ठेवतात. त्या दिवसाच्या पंधरा दिवस आधी मुली दवाखान्यात येतात आणि विचारतात, "डॉक्टर, चेहरा लवकर उजळेल असं काहीतरी द्या ना."

पंधरा दिवसांत प्रामाणिकपणे देण्यासारखं फारसं काही नसतं. त्वचेचा वरचा थर बदलायला साधारण चार आठवडे लागतात. मुरुमांच्या औषधांचा फरक दिसायला सहा ते आठ आठवडे जातात, वांगाला त्याहून जास्त. म्हणून त्वचेची काही तक्रार असेल तर शूटच्या तीन महिने आधी त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. वेळ कमी उरला असेल तर साधा फेसवॉश, मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन एवढंच ठेवा, नवीन काही सुरू करू नका.

मेडिकलमधली 'ती' ट्यूब

घाई असते तेव्हा कुणीतरी मैत्रीण किंवा पार्लरवाली ताई एक स्वस्त ट्यूब सुचवते. तिच्या मागची बारीक अक्षरं वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी एखादं नाव दिसलं तर ते स्टेरॉइड आहे. एक्झिमासारख्या आजारात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरावीक दिवसांसाठी ते उत्तम औषध आहे. गोरं होण्याचं क्रीम मात्र नव्हे.

अडचण अशी की सुरुवातीला ते खरंच काम करतं. रक्तवाहिन्या आकसतात, सूज आणि लाली उतरते, रंग फिकट दिसतो. आठवडाभरात घरचे म्हणतात, "काय गं, छान दिसतेस!" मग ते रोज लावलं जातं. काही आठवड्यांनी त्वचा पातळ होते, बारीक लाल शिरा दिसू लागतात, मुरूम उठतात, गालांवर लव वाढते. थांबवावं तर काही दिवसांतच चेहरा लाल होऊन जळजळायला लागतो, म्हणून पुन्हा तीच ट्यूब हातात येते. सरकारने २०१८ मध्ये अशा अनेक मलमांवर चिठ्ठीशिवाय विक्रीची बंदी घातली, पण ती आजही सहज मिळतात, हे तुम्हालाही माहीत आहे.

तुम्ही महिनाभर किंवा जास्त काळ असं क्रीम लावत असाल, तर शूटच्या तोंडावर स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका आणि लपवूही नका. ट्यूब सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा. त्वचा पूर्ववत व्हायला काही महिने लागू शकतात. शूटची तारीख हलवता येत असेल तर हलवा.

घटकांची यादी नसलेली, 'परदेशी' म्हणून विकली जाणारी क्रीम त्याहून धोक्याची. काहींमध्ये पारा असतो. केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांनी २०२३ मध्ये अशी क्रीम वापरणाऱ्यांत मूत्रपिंडाचा आजार दिसल्याचं सांगितलं होतं. पायांवर सूज आली किंवा लघवीला फेस येऊ लागला, तर लगेच लघवीची तपासणी करून घ्या.

मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर एक गोष्ट नीट ऐका. त्या काळात आणि गोळ्या थांबवल्यावर किमान एक महिना गर्भ राहता कामा नये, बाळात गंभीर व्यंग होऊ शकतं. लग्न जवळ आलंय, तेव्हा डॉक्टरांशी याबद्दल न लाजता बोला.

डोळ्यांखालची काळी वर्तुळं घेऊन येणाऱ्यांना मी आधी हिमोग्लोबिन तपासायला सांगते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. सगळी वर्तुळं त्यामुळे नसतात, बरीच आनुवंशिक असतात. पण चेहरा ओढल्यासारखा, फिकट दिसत असेल तर लोहाच्या गोळ्या कुठल्याही फेशियलपेक्षा उपयोगी. त्याच वेळी ब्लाउज बसावा म्हणून जेवण सोडलं असेल, तर गोळ्यांनीही काही होणार नाही.

शेवटचा आठवडा

फेशियल किंवा ब्लीच करायचंच असेल तर आठवडाभर आधी, थ्रेडिंग आणि वॅक्सिंग तीन दिवस आधी. मेकअपचं सामान आधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस वाट पाहा. झटपट काळी रंगणारी मेंदी नको. तिच्यात बहुतेकदा केसांच्या डायमधलं रसायन असतं आणि त्याने फोड येतात. खऱ्या मेंदीचा रंग आधी केशरी असतो, एक-दोन दिवसांत गडद होतो. टिकलीच्या जागी खाज येत असेल तर टिकली बदला, किंवा कुंकू वापरा. काही टिकल्यांच्या गोंदाने कपाळावर पांढरा डाग राहतो. खोट्या नथीतल्या निकेलनेही नाक सुजतं.

शूटसाठी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मागू नका. त्यापेक्षा शूट पुढे ढकला, फोटोग्राफर ऐकतो.

शूटच्या दिवशी पोटभर नाश्ता करून निघा. भरजरी साडीत, दिव्यांच्या उष्णतेत दोन-तीन तास उभं राहायचं असतं, उपाशीपोटी चक्कर येते. झिंक किंवा टायटॅनियम असलेलं सनस्क्रीन फ्लॅशमध्ये चेहरा पांढरट दाखवू शकतं, म्हणून आत स्टुडिओत शूट असेल तर मेकअपवालीला आधी विचारा. रंगीत लेन्स दुसऱ्या कुणाच्या घेऊ नका, मेकअपच्या आधी घाला आणि झोपण्यापूर्वी काढा. डोळा लाल झाला, दुखू लागला किंवा धूसर दिसू लागलं, तर लेन्स काढून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवा.