मलेरिया : नाव हवेचे, काम डासाचे

पावसाळ्यात अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर होड्या वर ओढलेल्या असतात. तिन्हीसांजेला दमट वारा सुटला की घरातली म्हातारी माणसे सांगतात, ‘खिडकी लाव, वारा बाधेल.’

मलेरिया हा शब्द अशाच समजुतीतून जन्मला. इटालियन भाषेत ‘माला आरिया’ म्हणजे वाईट हवा. रोमभोवतीच्या दलदलीतल्या कुबट हवेने ताप येतो, असे तिथे मानत. १७४० साली होरेस वॉलपोल या इंग्रजाने इटलीतून लिहिलेल्या पत्रात हा शब्द आला आणि पुढे तो इंग्रजीत रुळला. (खिडक्या लावल्याने डासही बाहेरच राहत, ही गोष्ट वेगळी!) आपला ‘हिवताप’ अधिक प्रामाणिक. आधी हिव, मग ताप. आळ कोणावरच नाही.

१८९७ साली सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात या रोगाचे जंतू दिसले आणि हवा निर्दोष सुटली. नाव मात्र बदलले नाही.

तेव्हा खिडकीइतकेच लक्ष पिंपाकडे द्या. ॲनोफेलिस डासाची मादी विहिरीत, टाकीत, होडीत साचलेल्या पावसाच्या पाण्यातही अंडी घालते. अंड्याचा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा पिंपे रिकामी करून, घासून कोरडी ठेवावीत. होडीतले पाणीही उपसावे.

थंडी वाजून ताप आला तर लगेच रक्त तपासून घ्या. ताप उतरला म्हणून गोळ्या अर्ध्यावर सोडू नका. व्हायवॅक्स जातीचे जंतू यकृतात दडून बसतात आणि काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी, पुन्हा हिव भरते.