इंग्रजीची तोंडी कोण घेतं, कशी घेतं? सात गैरसमज आणि वस्तुस्थिती

तारकर्ली-देवबागच्या किनाऱ्यावर पर्यटकाला पाण्याखाली नेण्याआधी चार सूचना इंग्रजीत द्याव्या लागतात. न्याहारी-निवासाचं आरक्षण करणारा पाहुणा कधी बंगळूरचा असतो, कधी परदेशातला. बांद्याच्या पलीकडे मोपाचा विमानतळ सुरू झाला आणि तिथल्या नोकरीच्या मुलाखतीतही इंग्रजी आलं. सिंधुदुर्गातल्या आईबापांना मुलाच्या इंग्रजीची काळजी वाटते ती उगाच नाही.

प्रा. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, २००० साली, महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. त्याला पाव शतक उलटलं. आज मराठी शाळेतल्या मुलाचं इंग्रजी अनेकदा मोजलं जातं. शालेय शिक्षणाच्या स्टार्स प्रकल्पातून सुरू झालेल्या नियतकालिक मूल्यांकन चाचण्या वर्षातून तीनदा होतात: पायाभूत, संकलित एक आणि संकलित दोन. या चाचण्यांत प्रथम भाषा आणि गणिताबरोबर इंग्रजीही असतं, आणि लेखीच्या जोडीला तोंडी भाग असतो. पुढे शिष्यवृत्ती परीक्षेत इंग्रजी येतं, दहावीला ८० गुणांच्या लेखीबरोबर २० गुण शाळेच्या हातात असतात.

मुलाची तयारी, पुस्तकं, शिकवणी यांवर भरपूर बोललं जातं. पण समोर बसून प्रश्न विचारणाऱ्या आणि गुण लिहिणाऱ्या शिक्षकाची तयारी कोणी करून घेतली का, हा प्रश्न क्वचितच निघतो. त्याभोवतीचे सात गैरसमज पाहू.

गैरसमज १ : परीक्षा घेणं म्हणजे पेपर वाटून गोळा करणं, त्याला प्रशिक्षण कशाला?

वस्तुस्थिती : लेखी पेपर सगळ्या मुलांपुढे सारखाच येतो. तोंडीत तसं होत नाही. प्रश्न किती सावकाश विचारला, किती वेळा विचारला, उत्तरासाठी किती थांबलं, चेहऱ्यावर काय दिसलं, या सगळ्यावर मुलाचं उत्तर ठरतं. एका बाईंनी दहा सेकंद वाट पाहिली आणि शेजारच्या शाळेतल्या सरांनी दोन सेकंदांत पुढचा प्रश्न टाकला, तर दोन मुलांनी दोन वेगळ्या परीक्षा दिल्या असंच म्हणावं लागेल.

बाजारात मासळी वाट्यावर विकताना नजरेचा अंदाज चालतो, कारण घेणारा समोर उभा असतो आणि घासाघीस करू शकतो. तिसरीतलं मूल आपल्या गुणांसाठी घासाघीस करू शकत नाही. म्हणून तिथे माप ठरलेलं लागतं.

वाचनाच्या चाचण्यांत असं माप किती बारकाईने ठरवतात ते 'एग्रा' या जगभर वापरल्या जाणाऱ्या प्राथमिक वाचन चाचणीत दिसतं. मूल उताऱ्यातल्या शब्दावर अडलं तर परीक्षकाने तीन सेकंद थांबायचं, मग पुढच्या शब्दावर बोट ठेवायचं आणि अडलेला शब्द चुकीचा धरायचा. मुलाने चूक स्वतःच सुधारली तर उत्तर बरोबर धरायचं. उतारा ६० सेकंदांचा. हे नियम वाचायला सोपे आहेत, पण घड्याळ, कागद आणि घाबरलेलं मूल एकाच वेळी सांभाळताना ते पाळायला सराव लागतो.

गैरसमज २ : थोडं सुचवलं तर मुलाचंच भलं होतं.

वस्तुस्थिती : सुचवण्यामागे माया असते, हे खरं आहे. छोट्या पटाच्या शाळेत मूल आणि बाई वर्षानुवर्षं एकमेकांना ओळखतात. मूल अडलं की बाईंच्या ओठांवर पहिलं अक्षर आपोआप येतं. पण पायाभूत चाचणीचा हेतूच मूल कुठे अडतं ते शोधण्याचा आहे. बाईंनी सुचवलेल्या अक्षराने ती अडचण कागदावरून पुसली जाते, मुलाच्या डोक्यात मात्र तशीच राहते. वर्षभर त्याला जी मदत मिळायला हवी होती, ती मग मिळत नाही.

सढळ गुणांची किंमत दहावीच्या पातळीवर महाराष्ट्राने पाहिली आहे. शाळा तोंडीचे गुण वाटून टाकतात ही तक्रार जुनीच होती. २०१८-१९ मध्ये राज्य मंडळाने भाषांची तोंडी बंद करून १०० गुणांची लेखी परीक्षा आणली. राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून झालेला कोकण विभाग तेव्हाही राज्यात पहिलाच होता, पण तोही ९६ वरून ८८.३८ वर उतरला. ऑगस्ट २०१९ मध्ये ८०-२० ची पद्धत परत आली. नवा अभ्यासक्रम हेही त्या घसरणीचं एक कारण होतं, सगळा भार तोंडीवर टाकता येणार नाही. तरी त्या वर्षाचा धडा स्पष्ट आहे: शाळेने दिलेल्या गुणांवरचा विश्वास उडाला की तोंडीच काढून टाकली जाते, आणि मुलं इंग्रजी बोलण्याची उरलीसुरली संधी गमावतात.

गैरसमज ३ : उच्चार साहेबी असेल तरच इंग्रजी चांगलं.

वस्तुस्थिती : मराठी बोलणारा माणूस इंग्रजीतल्या 'व्ही' आणि 'डब्ल्यू' या दोन्ही अक्षरांसाठी बऱ्याचदा एकच 'व' वापरतो. मालवणी मुलाच्या बोलण्याला आपला हेलही असतो. वाचन चाचण्यांचा प्रस्थापित नियम असा की बोलीमुळे किंवा घरच्या भाषेमुळे आलेला उच्चारभेद चूक धरायचा नाही. मूल 'वेरी' म्हणालं की 'व्हेरी', यावर गुण कापायचे नाहीत. शब्द दुसराच वाचला किंवा ऐकणाऱ्याला अर्थच लागला नाही, तर गुण जातात.

हा फरक कानाला शिकवावा लागतो. शहरातून आलेल्या मुलाचा सफाईदार सूर ऐकून परीक्षक नकळत उदार होतो आणि दांडी किनाऱ्यावरच्या मच्छीमाराच्या झिलाला दोन गुण कमी देतो. दोघांची उत्तरं कागदावर उतरवून शेजारी ठेवली की कधीकधी ती तंतोतंत सारखी निघतात.

गैरसमज ४ : घडाघडा वाचलं म्हणजे इंग्रजी येतं.

वस्तुस्थिती : पुस्तकातला धडा पाठ असलेलं मूल पान न बघताही 'वाचतं'. म्हणून वाचन तपासताना मजकूर न पाहिलेला हवा, आणि वाचून झाल्यावर अर्थ विचारायला हवा. 'प्रथम' संस्थेच्या 'असर' सर्वेक्षणात हेच करतात. आधी मोठी अक्षरं, मग छोटी अक्षरं, सोपे शब्द, सोपी वाक्यं अशा पायऱ्या असतात. शब्द किंवा वाक्य वाचता आलं की त्याचा अर्थ मुलाला त्याच्या भाषेत सांगायला लावतात.

असर २०२२ च्या अहवालाप्रमाणे देशाच्या ग्रामीण भागात पाचवीतल्या २४.५ टक्के आणि आठवीतल्या ४६.७ टक्के मुलांना सोपी इंग्रजी वाक्यं वाचता येत होती. २०१६ मध्ये हेच आकडे २४.७ आणि ४५.३ होते. सहा वर्षांत फारसं काही हललं नाही, हे आपल्याला कळलं ते मोजणी प्रत्येक वेळी एकाच रीतीने झाली म्हणून. गावोगाव प्रत्येकाने आपल्या मनाप्रमाणे तपासलं असतं तर या आकड्यांची तुलनाच करता आली नसती.

गैरसमज ५ : रोज शिकवणारा शिक्षकच मुलाला सर्वांत नेमकं मोजतो.

वस्तुस्थिती : रोज शिकवणाऱ्याला मूल सर्वांत जास्त कळतं, यात शंका नाही. पण कळणं आणि मोजणं ही दोन कामं आहेत. हुशार म्हणून ओळखलेल्या मुलाचं अर्धवट उत्तर आपण मनात पुरं करतो. मागे पडलेल्या मुलाचं बरोबर उत्तरही संशयाने ऐकतो. असं सगळ्याच माणसांचं होतं, त्यात कोणाच्या प्रामाणिकपणावर बोट ठेवण्याचं कारण नाही.

एक नमुना घ्या. चित्रात मच्छीमार जाळं टाकतोय. प्रश्न इंग्रजीत: हा माणूस काय करतोय? देवबागची मुलगी थोडं थांबून म्हणते, "मॅन... फिश... पागेर मारता." तिला प्रश्न समजला, चित्र समजलं, दोन इंग्रजी शब्द नेमके आठवले, क्रियापद तेवढं मालवणीत आलं. एक सर खूश होऊन दोनपैकी दोन गुण देतील, दुसरे वाक्य पुरं नाही म्हणून शून्य देतील. पूर्ण वाक्याला दोन आणि अर्थपूर्ण इंग्रजी शब्दांना एक, असा निकष आधी ठरला असेल तर दोघेही एकच गुण देतील. शिवाय 'हिला शब्द येतात, क्रियापदं हवीत' ही नोंद बाईंच्या हाती राहील.

जगभर यासाठी परीक्षकांची मोजणी आधी जुळवून घेतात. कॅलिफोर्नियातल्या शाळेत मराठी कुटुंबातलं मूल दाखल झालं की घरी कोणती भाषा बोलतात ते विचारतात. इंग्रजीखेरीज दुसरी भाषा असेल तर साधारणपणे ३० दिवसांच्या आत त्याची 'एल्पॅक' ही इंग्रजी प्रावीण्य चाचणी होते. बोलण्याचा भाग शाळेतलेच प्रशिक्षित कर्मचारी एकेका मुलाला समोर बसवून घेतात आणि तिथल्या तिथे गुण देतात. त्याआधी नमुना उत्तरांना गुण देऊन आपली मोजणी ठरलेल्या गुणांशी जुळते का, हे त्यांना तपासावं लागतं. आयईएलटीएसच्या तोंडीचं ध्वनिमुद्रण होतं आणि तिथल्या परीक्षकांचं प्रमाणीकरण दर दोन वर्षांनी नव्याने होतं. अनुभवी माणसाचाही कान हळूहळू सैल किंवा कडक होत जातो, हे गृहीत धरूनच ही व्यवस्था उभी आहे.

गैरसमज ६ : इंग्रजीचा पदवीधर असेल तरच ही परीक्षा घेऊ शकतो.

वस्तुस्थिती : असरचं सर्वेक्षण स्थानिक तरुण स्वयंसेवक करतात. त्यांना नियम शिकवतात, गावात प्रत्यक्ष सराव करायला लावतात आणि मगच मुलांपुढे बसवतात. एनसीईआरटीने मार्च २०२२ मध्ये तिसरीच्या मुलांचा पायाभूत अध्ययन अभ्यास केला. सुमारे १० हजार शाळांतल्या ८६ हजार मुलांपैकी प्रत्येकाशी स्वतंत्र बसून, २० भाषांत तो झाला, आणि त्यासाठी क्षेत्रीय अन्वेषकांना आधी प्रशिक्षण दिलं गेलं.

प्रश्न नीट वाचता येणं, लेखी सूचनांपासून न ढळणं, धीराने थांबणं आणि ऐकलं तेच लिहिणं, हे गुण गणिताच्या सरांकडेही असू शकतात. द्विशिक्षकी शाळांसाठी ही दिलासा देणारी गोष्ट आहे. स्वतःच्या उच्चाराबद्दल संकोच असेल तर श्रवणाचा भाग ध्वनिमुद्रित करून सगळ्या शाळांत एकच ऐकवता येतो.

गैरसमज ७ : असलं प्रशिक्षण म्हणजे खर्च, रजा आणि पुण्याची वारी.

वस्तुस्थिती : यासाठी लागणारी जागा आधीपासून आहे. केंद्रस्तरावर दर महिन्याला शिक्षण परिषद भरते. चाचणीआधीच्या परिषदेत दोन तास राखून केंद्रप्रमुखांना हे करता येईल:

* मार्गदर्शक सूचना आणि उत्तरसूची सगळ्यांनी मिळून मोठ्याने वाचायची. 'प्रश्न किती वेळा सांगायचा', 'मराठीत समजावायचं का' अशा शंका तिथेच मिटवायच्या.
* पालकांची संमती घेऊन चार-पाच मुलांची उत्तरं मोबाइलवर मुद्रित करून आणायची. नाव आणि शाळा सांगायची नाही.
* प्रत्येकाने शेजाऱ्याशी न बोलता गुण लिहायचे आणि मग एकदम फळ्यावर मांडायचे. जिथे फरक पडला तिथे थांबून निकषावर बोलायचं. एग्राच्या प्रशिक्षणात परीक्षकांची ९० टक्के जुळणी अपेक्षित असते. आपणही तेच लक्ष्य ठेवू शकतो.
* जोडीने सराव करायचा: एक शिक्षक मूल होईल, दुसरा परीक्षक, तिसरा फक्त निरीक्षण करेल आणि कुठे सुचवलं गेलं ते टिपेल.
* शक्य असेल तिथे शेजारच्या शाळांनी तोंडीपुरती शिक्षकांची अदलाबदल करायची.

पहिल्यांदा फळ्यावर आकडे मांडले की एकाच मुलाला दोन ते नऊ असे गुण पडलेले दिसू शकतात. त्याने कोणी खजील होऊ नये आणि केंद्रप्रमुखांनी कोणाला टोकू नये. तो फरक दिसावा म्हणूनच हे दोन तास आहेत.

मुलाशी वागण्याचाही सराव याच वेळी व्हावा. तोंडी वर्गासमोर न घेता बाजूला घ्यावी. आधी नाव, घर, आवडीचा खेळ असं त्याच्या बोलीत बोलावं. "माका ठावक आसा, पण इंग्लिशीत सांगूक येना नाय," असं मूल म्हणालं तर रागावू नये. ते वाक्य जसंच्या तसं नोंदवावं, कारण कुठून शिकवायला सुरुवात करायची ते त्यात सांगितलेलं आहे. विशेष गरजा असलेल्या मुलांना मिळणाऱ्या सवलती चाचणीच्या दिवशी शोधत बसू नयेत, आधीच माहीत असाव्यात.

मुख्याध्यापक आणि पालकांसाठी

चाचणीचे गुण ऑनलाइन भरले की काम संपल्यासारखं वाटतं. खरं तर शिक्षकाचं काम तिथून सुरू होतं: कोण अक्षरांवर आहे, कोण शब्दांवर, कोणाला वाचता येतं पण अर्थ लागत नाही, अशा याद्या करून पुढच्या तीन महिन्यांचं शिकवणं ठरवायचं. या याद्या चुकीच्या मोजणीवर उभ्या असतील तर मेहनत भलत्याच जागी खर्च होते.

शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत पालकांनी दोन प्रश्न जरूर विचारावेत. तोंडी घेण्याआधी शिक्षकांनी एकत्र सराव केला का? आणि माझ्या मुलाला गुण किती पडले यापेक्षा ते कुठे अडलं, हे मला सांगाल का? मुख्याध्यापकांनी पुढच्या परिषदेच्या विषयपत्रिकेत हा सराव आजच लिहावा आणि केंद्रप्रमुखांनी त्यासाठी वेळ द्यावा. सिंधुदुर्गातली मुलं मन लावून शिकतात, शिक्षक छोट्या शाळांतून अनेक वर्ग एकट्याने ओढतात. त्या कष्टांचं माप खरं निघावं, यासाठी परिषदेचे दोन तास ही फार मोठी मागणी नाही.