नळाचे अडकलेले कार्ट्रिज काढणे

नळातील पाण्याचा प्रवाह सुरू, बंद किंवा कमी-जास्त करणाऱ्या, बदलता येण्याजोग्या आतील भागाला कार्ट्रिज म्हणतात. पाव फेरा फिरणाऱ्या साध्या नळात त्यालाच स्पिंडल म्हणण्याचा प्रघात आहे. क्षार साचल्याने हा भाग नळाच्या पितळी बॉडीत घट्ट बसतो. तो काढताना लावलेला जोर नळाखालच्या बेसिनवर गेल्यास बेसिनला तडा जाण्याचा धोका असतो. म्हणून आधी क्षार विरघळवणे आणि मगच, नळाची बॉडी स्थिर धरून, बेताचा जोर लावणे ही या कामाची योग्य रीत मानली जाते.

व्युत्पत्ती

'नळ' हा शब्द संस्कृत 'नल' म्हणजे पोकळ बोरू या शब्दाशी संबंधित आहे. 'कार्ट्रिज' हा शब्द इंग्रजीतून, तर 'काडतूस' हा पोर्तुगीजमधून मराठीत आला. दोहोंचे मूळ कागदाच्या गुंडाळीसाठी असलेल्या एकाच इटालियन शब्दात आहे.

रचना

जुन्या पद्धतीच्या नळात आट्यांचा दांडा खाली उतरून वायसर दाबतो व पाणी थांबते. कार्ट्रिजमध्ये एकमेकींवर सरकणाऱ्या दोन चिनी मातीसारख्या कठीण चकत्या असतात. त्यांची छिद्रे जुळली की पाणी वाहते.

पाव फेऱ्याच्या नळातील स्पिंडलला स्वतःचे आटे असतात, त्यामुळे ते फिरवून काढावे लागते. गरम व थंड पाण्याच्या एकदांडी मिक्सरमध्ये मात्र कार्ट्रिज पितळी नटाखाली नुसते बसवलेले असते आणि त्याच्या तळाच्या खुंट्या बॉडीतील खाचांत अडकतात. ते फिरवायचे नसून सरळ वर उचलायचे असते. हा भेद लक्षात न घेतल्याने खुंट्या तुटतात आणि काम अधिक अवघड होते.

अडकण्याची कारणे

विहिरी व कूपनलिकांच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट विरघळलेले असते. पाणी तापले किंवा आटले की त्यातून न विरघळणारे कार्बोनेट वेगळे होऊन पांढरा थर जमतो. म्हणून गिझरला जोडलेली बाजू सहसा आधी अडकते. जुने झालेले रबरी वायसर धातूला चिकटणे आणि नट अवाजवी घट्ट आवळलेला असणे ही आणखी दोन कारणे होत.

त्र्यंबकेश्वर परिसरातील संदर्भ

नाशिकपासून सुमारे २८ किलोमीटरवर, ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी वसलेले त्र्यंबकेश्वर हे गोदावरीचे उगमस्थान व बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक आहे. पावसाचे पाणी मृदू असते; पण बेसॉल्ट खडकाच्या भेगांतून मुरताना ते क्षार घेते. यात्रेकरूंच्या निवासांतील खोल्या पर्वकाळात गजबजतात व एरवी बंद राहतात. अशा न वापरलेल्या नळांत पाणी आटून थर घट्ट होतो.

या तालुक्यात पाऊस भरपूर पडतो, तरीही उन्हाळ्यात अनेक पाड्यांवर पाणीटंचाई असते. सेकंदाला एक थेंब गळणाऱ्या नळातून दिवसाला ८६,४०० थेंब जातात. १५ थेंबांचा एक मिलिलिटर धरल्यास हे पाणी सुमारे पावणेसहा लिटर, म्हणजे महिन्याला पावणेदोनशे लिटरांच्या जवळपास होते.

काढण्याची पद्धत

१. बेसिनखालील अँगल कॉक बंद करावा. मिक्सर असल्यास दोन्ही बंद करावेत. अँगल कॉक नसल्यास गच्चीवरील टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून नळ उघडावा व साठलेले पाणी जाऊ द्यावे.

२. बेसिनचे छिद्र बुजवून आत जाड फडके अंथरावे, म्हणजे स्क्रू हरवत नाही व पाना पडून बेसिन फुटत नाही.

३. मुठीवरील लहान टोपण उचकटून स्क्रू काढावा. अनेक मिक्सरमध्ये तो आत बसलेला असून त्यास एल आकाराची चावी लागते. त्यानंतर मूठ व चकचकीत टोपी काढावी.

४. व्हिनेगरमध्ये किंवा लिंबूसत्त्वाच्या द्रावणात भिजवलेले फडके सांध्याभोवती तासभर गुंडाळून ठेवावे आणि मग पाण्याने धुवावे. पितळी भांडी चिंचेने उजळतात त्यामागेही सौम्य आम्लाचाच गुण असतो. फरशीचे तीव्र अ‍ॅसिड वापरू नये, कारण ते क्रोमचा मुलामा व पितळ दोन्ही खाते. कोणतेही आम्ल ब्लीचिंग पावडरीत मिसळल्यास विषारी क्लोरीन वायू निघतो.

५. एका पान्याने नळाची बॉडी धरून दुसऱ्याने नट किंवा स्पिंडल आधी किंचित आवळावे, मग घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध दिशेने सैल करावे. न हलल्यास जोर न वाढवता चौथी कृती पुन्हा करावी.

६. मिक्सरचा नट निघाल्यावर कार्ट्रिज पकडीने धरून हलकेच डुलवत सरळ वर ओढावे.

पाण्याच्या दाबाने कार्ट्रिज बाहेर ढकलण्याची युक्ती गच्चीवरील टाकीच्या बाबतीत फारशी उपयोगी पडत नाही. पाच मीटर उंचीवरील टाकीचा दाब ३५ मिलिमीटर व्यासाच्या कार्ट्रिजवर जेमतेम पाच किलोइतका भार देतो.

गंज सोडवणारे खनिज तेल काही रबरी वायसर फुगवते. त्यामुळे जुने कार्ट्रिज टाकूनच द्यायचे असेल तेव्हाच ते वापरावे व नंतर बॉडी साबणाने धुवावी. ज्योत लावल्यास आतील प्लास्टिक वितळते. उकळते पाणी थंड बेसिनवर पडल्यास तडा जाऊ शकतो.

भिंतीवरील बेसिनबाबत दक्षता

पायावर उभ्या बेसिनचा काही भार जमिनीवर जातो. भिंतीवरील बेसिन केवळ बोल्ट किंवा ब्रॅकेटवर टांगलेले असते. पान्यावर खाली दाब दिल्यास तो बोल्टभोवतीच्या प्लास्टरवर येतो, तर बॉडी न धरता पिळल्यास नळच छिद्रात फिरतो व कड फुटते. म्हणून आरंभी बेसिन हलते का ते पाहावे, पाना शक्यतो आडव्या दिशेत फिरवावा आणि दुसऱ्या व्यक्तीने बेसिनला खालून आधार द्यावा.

नवे कार्ट्रिज बसवणे

जुने कार्ट्रिज सोबत नेऊनच नवे घ्यावे. मिक्सरमध्ये ३५ व ४० मिलिमीटर ही मापे प्रचलित आहेत. स्पिंडलची लांबी व माथ्यावरील दात जुळवून पाहावेत. बैठकीवरील थर पुसून, वायसरला सिलिकॉन ग्रीस लावून, खुंट्या खाचांत बसवाव्यात. नट हाताने पुरता फिरवून पान्याने थोडाच आवळावा. पुढच्या वेळी तो सहज निघणे यावरच अवलंबून असते.