ऑपरेशन झालं, पण दिसतं किती?

मोतीबिंदूचं शिबिर झालं की बातमी आकड्यांची येते: इतके रुग्ण तपासले, इतक्यांना भिंग बसवलं. मोहाडी तालुक्यातल्या करडीसारख्या धानाच्या गावात खरा हिशेब पट्टी निघाल्यावर सुरू होतो. पावसाळ्यात निसरड्या बांधावरून एकट्याने जाता येतं का? तांदळातला खडा बोटाला लागण्याआधी डोळ्याला दिसतो का? शस्त्रक्रियेचं यश यावरूनच मोजावं, असं मला ठामपणे वाटतं. ते मोजणं अवघडही नाही. निरोगी डोळा जी ओळ अठरा मीटरवरून वाचतो, ती रुग्णाने सहा मीटरवरून वाचली तर नजर ६/१८. शस्त्रक्रियेनंतर निदान ८० टक्के डोळे या पातळीला यावेत आणि ६/६० च्याही खाली राहणारे डोळे ५ टक्क्यांच्या आत असावेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा जुना निकष आहे. आता तर ६/१२ ची अपेक्षा धरली जाते.

महागडं भिंग घेतलं की नजर आपोआप चांगली येते, हा समज मात्र सोडायला हवा. हॅरोल्ड रिडली यांनी १९४९ मध्ये लंडनला पहिलं कृत्रिम भिंग बसवलं. पुढे १९९२ मध्ये मदुराईत ऑरोलॅब सुरू झाली आणि ही भिंगं भारतातच स्वस्तात तयार होऊ लागली. साध्या एककेंद्री भिंगाने दूरचं स्वच्छ दिसतं. वाचायला, सुईत दोरा ओवायला चष्मा लागतो. बहुकेंद्री भिंगाने चष्म्याची गरज कमी होते, पण काहींना रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतात. खरी मेख मोजमापात आहे. डोळ्याची लांबी आणि बुबुळाचा बाक मोजून भिंगाचा नंबर ठरतो. लांबी मोजताना एका मिलिमीटरची चूक झाली, तर चष्म्याचा नंबर साधारण अडीच-तीनने चुकतो. मग शस्त्रक्रिया कितीही सफाईने झाली तरी माणूस धूसरच पाहतो.

यावर एक आक्षेप रास्त आहे. २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्यांच्या अंधत्वापैकी ६६.२ टक्के मोतीबिंदूमुळे असल्याचं आढळलं. इतके लोक खोळंबले असताना आधी संख्या वाढवावी, बारकावे मागाहून पाहावेत, असं कुणी म्हणेल. पण ज्याला ऑपरेशननंतरही नीट दिसत नाही, त्याच्याकडे पाहून शेजारपाजारचे लोक शिबिराला जायचं टाळतात. गुणवत्ता ढासळली की संख्याही टिकत नाही. शिवाय कमी दिसण्याची बरीच कारणं सुधारता येतात. सुईच्या जाडीच्या छिद्रातून पाहिल्यावर तक्त्यावरच्या खालच्या ओळी वाचता आल्या, तर बहुधा फक्त चष्मा हवा असतो. वाचता आल्या नाहीत, तर काचबिंदू, मधुमेहाने बिघडलेला पडदा किंवा दुसरं काही आहे का, हे डॉक्टरांनी पाहायला हवं. काही महिन्यांनी वा वर्षांनी भिंगामागच्या पातळ पडद्यावर जाळी आली, तर ती लेझरने काही मिनिटांत उघडता येते. गावाजवळच्या आरोग्य केंद्रात तक्ता आणि छिद्राचा पुठ्ठा असला, तरी कुणाला पुढे पाठवायचं हे कळतं.

घरातल्या कुणाचं ऑपरेशन झालं असेल, तर भिंगाच्या नंबरचं कार्ड जपून ठेवा. डोळा लाल झाला, दुखू लागला किंवा नजर अचानक कमी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सारं ठीक असलं तरी महिना-दीड महिन्याने पुन्हा तपासणीला न्या आणि नजर किती आली, ते कागदावर लिहून मागा.